पत्रातलं गाव

वसुमतीला उर्दू येतं ही गोष्ट बंगळूरच्या राजाजीनगरातल्या महिला वाचनालयात दहा वर्षं कुणाला ठाऊक नव्हती. तिने लपवली होती असं नाही, विषयच निघाला नव्हता. वाचनालय मराठी बायकांचं. भीमाचार्यांच्या घराच्या खालच्या दोन खोल्या, चार कपाटं, एक लांब टेबल, आणि दुपारी दोन ते सहा वसुमती. तीनशे वर्षांपूर्वी शहाजीराजांच्या फौजेबरोबर इकडे आलेल्या घराण्यांतल्या बायका सभासद होत्या, तशाच सरकारी कारखान्यांत नोकरीला आलेल्या पुण्या-मुंबईच्या इंजिनिअरांच्या बायकाही. पहिल्यांच्या मराठीत निम्मं कन्नड, दुसऱ्यांच्या मराठीत निम्मं इंग्रजी. पण नवी कादंबरी आली की सगळ्यांना तीच आधी हवी असायची, आणि ती भांडणं मिटवण्यात वसुमतीची निम्मी दुपार जायची.

ती जुन्या घराण्यातली. वडील रघुपती कोर्टात जुन्या कागदांचे जाणकार होते. जमिनीच्या वादात कुणी शंभर वर्षांपूर्वीची सनद आणली की मोडी असो, फारसी असो, ती त्यांच्याकडे यायची. पन्नाशीत त्यांची दृष्टी अधू झाली. नोकरी जाऊ नये म्हणून त्यांनी अकरा वर्षांच्या मुलीला शेजारी बसवून फारसी लिपी शिकवली. आधी उर्दू, मग जमेल तेवढी फारसी. ओळीखाली उजवीकडून डावीकडे बोट सरकवत ती वाचायची, ते डोळे मिटून ऐकायचे आणि अर्थ लिहून काढायचे. "कागद काय म्हणतो ते सांग, तुला काय वाटतं ते नको," एवढाच त्यांचा धडा. पुढे सोळाव्या वर्षी लग्न झालं, बाविसाव्या वर्षी ती कपाळ पुसून परत भावाकडे, गुंडोअण्णाकडे आली. वडील तोवर गेले होते. ती लिपी मात्र हाताशी राहिली.

चौसष्टच्या उन्हाळ्यात एक बुरख्यातल्या बाई वाचनालयात आल्या. दंडूतून, म्हणजे कॅन्टोन्मेंटकडून, दोन बस बदलून. नाव खुर्शीदबी. मुलींच्या उर्दू शाळेत शिकवत होत्या. त्यांच्या शाळेतल्या जुन्या कारकुनाने रघुपतींना कोर्टात पाहिलं होतं आणि त्यांच्या मुलीबद्दल सांगितलं होतं. बुरख्याची जाळी वर करून त्यांनी पिशवीतून एक पुस्तक काढलं. साठेक पानांचं, शिळाप्रेसवर छापलेलं, 'हमारा दालान' नावाचं. बंगळूरच्या अकरा मुसलमान बायकांचं लिखाण त्यांनी स्वतः दारोदार हिंडून जमवलं होतं.

"आमच्या लोकांनी घेतलं आणि कपाटात ठेवलं," त्या दखनीत म्हणाल्या. "घरच्या बायकांनी काय लिहिलं ते घरात कोण वाचतंय? तुम्ही वाचा. बाहेरच्या माणसाला कसं वाटतं ते मला कळू दे."

वसुमतीने ते तीन दिवसांत वाचलं. त्यात काय नव्हतं? दोन गोष्टी होत्या, गझला होत्या, मुलींना भूगोल का शिकवावा यावर एक तावातावाने लिहिलेला लेख होता. लिंबाच्या लोणच्याची कृती होती, ती लिहिता लिहिता लिहिणारीच्या सासूची अख्खी कर्मकथा झाली होती. एका सुईणीची टिपणं होती. तिने लिहिलं होतं, 'चौथीही मुलगीच झाली. तिच्या कानात बांग द्यायला घरातला कुणी पुरुष उठला नाही. मी दार लावून घेतलं आणि मीच दिली. अल्लाला आवाज ओळखू आला असेल.' आणि सातवं एक पत्र होतं. लिहिणारीचं नाव नव्हतं, नुसतं 'एक बहीण'.

वसुमतीने दर गुरुवारी दुपारी त्यातलं थोडं थोडं बायकांना वाचून दाखवायला सुरुवात केली. मूळ मोठ्याने न वाचता थेट मराठीतच सांगायची. आधी पाचजणी बसायच्या, मग पंधरा झाल्या. लोणच्यातल्या सासूला सगळ्या हसल्या. सुईणीच्या दिवशी मात्र सगळ्या वाचन संपल्यावरही बसून राहिल्या. अध्यक्ष हेमलताबाई नुसत्या म्हणाल्या, "हे पुस्तक रजिस्टरला चढवा. आपल्या लायब्ररीत हवं."

त्याच हेमलताबाईंनी पुढच्या वर्षी सप्टेंबरात तातडीची मीटिंग बोलावली.

पाकिस्तानशी लढाई सुरू होऊन पंधरा दिवस झाले होते. खिडक्यांच्या काचांना काळे कागद लागले होते, रेडिओभोवती माणसं उभी असायची. हेमलताबाईंचा मुलगा श्रीकांत हवाई दलात. इथल्या येलहंक्याच्या तळावर होता तोवर दर रविवारी घरी जेवायला यायचा. उन्हाळ्यात त्याची पंजाबात बदली झाली होती. एकोणीस दिवसांत त्याचं पत्र नव्हतं. हेमलताबाईंनी रोज केस विंचरणंही सोडलं होतं, असं शेजारणी सांगत.

टेबलावर त्यांनी एक पोस्टकार्ड ठेवलं. खाली सही नव्हती. 'तुमच्या वाचनालयात पाकिस्तानी पुस्तक वाचलं जातं. देशाशी गद्दारी चालली आहे. वरपर्यंत कळवू.'

"पुस्तक बंगळूरचं आहे," वसुमती म्हणाली. "छापलेलंसुद्धा इथेच. पहिल्या पानावर आहे."

"ते तुम्ही म्हणता. आम्हाला कुणाला ती अक्षरं येतात?" हेमलताबाईंचा आवाज कोरडा होता. "गुरुवारी तुम्ही निवडक वाचायचात. बाकीच्यात काय आहे? माझा मुलगा तिकडे आहे, वसुमतीबाई. मला रिस्क नको. मी म्हणते, जाळून टाका."

कोपऱ्यात भीमाचार्य बसले होते. जागा त्यांची, म्हणून कमिटीत त्यांनाही एक मत होतं. सत्तरीचे, संस्कृतचे पंडित, जन्मात कधी उर्दूशी संबंध आलेला नाही. ते म्हणाले, "न वाचता ग्रंथ जाळायचा नसतो. ह्यांना येतं ना, ह्या वाचतील. पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत, मराठीतून. आपण ऐकू. मग ठरवू."

"आत्ता?"

"आत्ताच. तयारीला वेळ कशाला?"

कमिटीतल्या सातही जणांना ते पटलं. वसुमतीने पुस्तक पुढे ओढलं. पहिली गोष्ट तिने सावकाश सांगितली, ओळीखाली बोट सरकवत. तिचं तिलाच नवल वाटलं, आवाज स्थिर होता. पण डोक्यात एकच हिशेब चालला होता: सातवं पत्र. ते पत्र तिने गुरुवारी कधी वाचलं नव्हतं. सुईणीनंतर पाळी त्याचीच होती, पण दर वेळी काहीतरी निमित्त निघालं होतं. तो मजकूर तिला जवळजवळ पाठ होता.

'भाईजान, तुम्ही कराचीला गेलात त्याला नऊ वर्षं झाली. अम्मी दर जुम्म्याला तुमचं ताट वाढते आणि मग मला जेवायला सांगते. तुमचं घर तिथे झालं, माझं इथेच आहे. मला हे गाव सोडवत नाही आणि तुम्हाला परत येता येत नाही. पुन्हा लढाई झाली तर मी दुवा कोणत्या बाजूने मागायची, हे मौलवीसाहेबांना विचारायला मला भीती वाटते. मी दोन्हीकडची मागेन. अल्ला काय समजायचं ते समजेल.'

तिसरं झालं, चौथं झालं. लोणचं आलं तेव्हा कुणी हसलं नाही. सुईणीची टिपणं सुरू झाली तेव्हा वसुमतीने मुद्दाम एकेक वाक्य लांबवलं. भिंतीवरच्या घड्याळात पाच वाजले. प्रेमा म्हणून सेक्रेटरी होती, ती जांभई दाबत म्हणाली, "बाकीचं उद्या ऐकूया का?"

"नाही," हेमलताबाई म्हणाल्या. "आजच."

वसुमतीने पान उलटलं. दोन पानं एकदम उलटली.

"दोन गेली," भीमाचार्य म्हणाले.

"चिकटली होती," ती म्हणाली आणि नखाने ती वेगळी केली. समोर हेमलताबाई तिच्या तोंडाकडे टक लावून बघत होत्या. डोळ्यांखाली काळं, कुंकू वाकडं. या बाईसमोर हे वाक्य कसं वाचायचं? आणि वाचलं तर पुस्तक जळेल. पुस्तकाबरोबर खुर्शीदबींचा पत्ता कुणीतरी शोधून काढेल.

"हे पत्र आहे," ती म्हणाली. "एका बहिणीचं. भावाला. भाऊ अदनला गेलाय. नोकरीसाठी."

"तारीख?" हेमलताबाईंनी विचारलं.

"सत्तावन्न सालची."

मग ती सांगत गेली. ताट वाढणारी आई तिने तशीच ठेवली. नऊ वर्षं ठेवली. कराचीच्या जागी अदन आलं. लढाईचं आणि दुवेचं वाक्य गेलं, त्याच्या जागी तिने समुद्राबद्दल दोन ओळी बेतून घातल्या. संपवून तिने वर बघितलं तर हेमलताबाई पदराने डोळे पुसत होत्या.

"ताटाचं बरोबर आहे तिचं," त्या म्हणाल्या. "मीसुद्धा रोज वाढते."

सहा वाजून गेले तेव्हा पुस्तक संपलं. त्यात आक्षेपार्ह काही नाही असं प्रेमाने लिहून घेतलं. लढाई थांबेपर्यंत मोठ्याने वाचू नये, पुस्तक कपाटात राहू द्यावं, असं ठरलं. हेमलताबाईंनी जाताना वसुमतीचा हात क्षणभर धरला.

दोन दिवसांनी ती दंडूत गेली. बातमी चांगली होती, ती आपण स्वतः सांगावी असं तिला वाटलं. खुर्शीदबींच्या घराचं पुढचं दार बंद होतं, मागून बोलावणं आलं. त्या दिवसांत त्या शाळेतून सरळ घरी येत आणि दार लावून घेत. चहा झाला. वसुमतीने पोस्टकार्डापासून सगळं सांगितलं.

खुर्शीदबींनी ऐकून घेतलं. मग विचारलं, "ते पत्र वाचलं?"

"वाचलं. म्हणजे... स्वल्प बदलून वाचलं. कराचीचं अदन केलं. आणि दुवेचं सोडलं. दुसरा इलाज नव्हता."

खुर्शीदबींनी कप खाली ठेवला. त्यांच्या चेहऱ्यावर राग नव्हता. असता तर बरं झालं असतं.

"मेरे भाई को तुमे अदन भेज दिये," त्या म्हणाल्या.

तेव्हा वसुमतीला कळलं की ती बहीण कोण.

"मला माहीत नव्हतं," ती म्हणाली.

"कसं असेल? बाकीच्या दहाजणींनाही माहीत नाही. सहा वर्षं मी ते पत्र ट्रंकेत ठेवलं होतं. पोस्टात टाकायची हिंमत झाली नाही. पुस्तक छापताना मी माझं नाव काढलं, अब्बांचं नाव काढलं, गल्लीचं नाव काढलं. भाईजानचं गाव मात्र राहू दिलं. छापखान्याचे मालक म्हणाले, बाई, गाव बदला. मी नक्को म्हटलं. बदलायचं असतं तर मीच बदललं नसतं का?" त्यांनी रिकामे कप गोळा केले. "तुम्ही चांगल्यासाठी केलं, वसुअक्का. ते मला दिसतंय. पण आता तुमच्या त्या बाई रडल्या ना, त्या माझ्यासाठी नाही रडल्या."

वसुमती बसने परत आली. रस्ताभर तिला वडिलांचे मिटलेले डोळे आठवत होते.

तेवीस तारखेला लढाई थांबली. काळे कागद निघाले. गुंडोअण्णाने बहिणीचं मन ओळखलं होतं. सकाळी पूजेचं ताम्हन पुसता पुसता तो म्हणाला, "मिटलंय ते सगळं. आता उकरून काढू नको. कुणी विचारलंय का तुला?"

"कुणी विचारत नाही म्हणूनच, अण्णा."

"नोकरी जाईल तुझी."

"जाईल."

"आणि पुस्तकही जाळतील. मग मिळवलंस काय?"

दोन आठवडे ती रोज किल्ल्या घेऊन वाचनालयात जात राहिली आणि रोज ते कपाट न उघडता परत येत राहिली. गुरुवार आला की बायका विचारायच्या, आता वाचायला काय हरकत आहे, लढाई तर संपली. ती म्हणायची, बघू. एका गुरुवारी सुलभा नावाची नवी मुलगी, नुकतीच लग्न होऊन नागपूरहून आलेली, म्हणाली, "ते अदनचं पत्र परत सांगा ना. प्रेमावहिनींनी मला सांगितलं, पण त्यांना नीट आठवत नव्हतं." खोटं पत्र घराघरांतून फिरायला लागलं होतं. त्याच संध्याकाळी वसुमती पुस्तक पिशवीत घालून हेमलताबाईंच्या दारात उभी राहिली.

श्रीकांतचं पत्र अजून आलं नव्हतं. एक तार आली होती, 'सुखरूप' एवढीच, तीही दहा दिवसांपूर्वीची. हेमलताबाई व्हरांड्यात बसल्या होत्या.

"त्या दिवशी मी एक पत्र चुकीचं वाचलं," वसुमती उभ्यानेच म्हणाली. "मुद्दाम. आज बरोबर वाचते. ऐकाल का?"

वसुमतीने ते वाचलं. कराची वाचलं. दुवेचं वाक्य आलं तेव्हा ती अडखळली, पण वाचलं. आधी उर्दूत, मग मराठीत, म्हणजे या वेळी शंका नको.

वाचून झाल्यावर तिने पुस्तक मिटलं.

"दोन्हीकडची," हेमलताबाई म्हणाल्या. मग त्यांचा आवाज चढला. "माझ्या श्रीकांतवर बंदूक धरणाऱ्याचीसुद्धा? आणि मी तुमच्यासमोर रडले. तुम्ही बघत होतात. तुम्हाला माहीत होतं मी कशाला रडते ते, आणि तुम्ही बघत होतात."

"होय."

"जा तुम्ही. कमिटीत बोलू."

कमिटी शनिवारी बसली. वसुमतीने पत्र तिसऱ्यांदा वाचलं. कुणाचं ते विचारलं, ती म्हणाली, "नाव छापलेलं नाही. मी सांगणार नाही." त्यावर गलका झाला. प्रेमा म्हणाली पुस्तक बाहेर काढा. दोघी म्हणाल्या, त्या बिचारीने काय वाईट लिहिलंय, भाऊ तो भाऊच. तीन आणि तीन मतं झाली. हेमलताबाईंनी जाळण्याच्या बाजूने हात वर केला होता. उरले भीमाचार्य.

ते वसुमतीकडे वळले. "मला त्या दिवशीच शंका आली होती. इतर वेळी तुमचं बोट ओळीखाली चालत होतं. त्या पत्राला ते एका जागी थांबलं होतं."

"मग बोलला का नाहीत?"

"तुम्ही बोलाल म्हणून थांबलो. उशीर केलात, पण बोललात." त्यांनी उपरणं सावरलं. "पुस्तक राहील. बहिणीने भावाचं कुशल मागितलं तर माझ्या शास्त्रात तो अपराध नाही. माझं मत पुस्तकाला. पण ह्यांच्या हातात किल्ल्या नकोत. आम्हा आंधळ्यांना डोळस माणसाने चुकीचा रस्ता सांगितला. पुन्हा सांगणार नाहीत, ठीक. तरी जे केलं त्याला शिक्षा हवी."

त्यावर सगळ्यांचं एकमत झालं, विरुद्ध मत दिलेल्यांचंही. वसुमतीने किल्ल्यांचा जुडगा टेबलावर ठेवला. आपल्यावर अन्याय झाला असं तिला त्या क्षणीही वाटलं नाही, आणि पुढेही ती तसं कधी म्हणाली नाही. वाईट वाटलं ते एवढ्याचंच, की पुस्तक कपाटात राहिलं आणि त्या घरात ते वाचू शकणारं कुणी उरलं नाही.

खुर्शीदबींना तिने सगळं सांगितलं तेव्हा त्या उठून आत गेल्या आणि दुसरी प्रत घेऊन आल्या. "ही तुमची," म्हणाल्या. "लायब्ररीची नव्हे."

पुढची वर्षं वसुमतीने शाळकरी मुलींच्या शिकवण्या घेतल्या. गुरुवारचं वाचन गुंडोअण्णाच्या घरातल्या पुढच्या खोलीत सुरू झालं. पहिल्या दिवशी सुलभा एकटी आली. अण्णा कुरकुर करत चटई घालायचा आणि दाराशी बसून ऐकायचा. वर्षभरात सात-आठजणी यायला लागल्या. दोनदा खुर्शीदबी स्वतः येऊन बसल्या, सुईणीचं टिपण त्यांनी मूळ वाचलं आणि वसुमतीने मराठीत सांगितलं, एक वाक्य त्यांचं, एक हिचं. चुकलं की त्या तिथेच थांबवत. थोडं मराठी त्यांना कळायला लागलं होतं.

हेमलताबाई कधी आल्या नाहीत. श्रीकांत डिसेंबरात परत आला होता, डाव्या हाताची दोन बोटं गमावून. सदुसष्टच्या श्रावणात बनशंकरीच्या देवळात त्यांची आणि वसुमतीची समोरासमोर गाठ पडली. हेमलताबाई ओळख न दाखवता पुढे गेल्या. मग चार पावलांवरून परत आल्या.

"त्या बाईंचा भाऊ," त्या म्हणाल्या. "त्याची काही खबर?"

"दोन वर्षं पत्र नाही," वसुमती म्हणाली.

हेमलताबाईंनी हातातल्या पुडीतलं कुंकू उगाच चाचपलं. "मी त्या दिवशी हात वर केला होता. आजही केला असता. मला ते वाक्य अजून सहन होत नाही." त्यांनी पुडी पुन्हा मिटली. "पण पाठ झालंय."

एवढं बोलून त्या वळल्या आणि प्रदक्षिणेच्या गर्दीत मिसळल्या. वसुमतीने नैवेद्य पुजाऱ्याकडे दिला आणि रांगेतून बाहेर पडली. दुपारी शिकवणी होती, आणि त्याआधी भूगोलाच्या लेखाची चार पानं मराठीत करायची राहिली होती.